क्लिनरच्या सीटसमोरचे मीटर

"डॅशबोर्डचं हे काय करून ठेवलंस?" मुंजाबानं विचारलं. आवाजात राग होता, पण तोही थकलेला.

पडेगावच्या गॅरेजात त्याची जुनी पिकअप उभी होती. स्टेअरिंगमागं फक्त वेगाचा काटा उरला होता. इंजिनच्या हीटचा आणि ऑइलचा मीटर पार डावीकडं, क्लिनरच्या सीटसमोर बसवले होते.

"सत्यशीला वहिनींनीच सांगितलं, काका," वायरमन सोमनाथ म्हणाला. "मी लई समजावलं. ऐकंनात."

वीस वर्षं मुंजाबानं ही गाडी लेकरासारखी जपली होती. मोंढ्याच्या बाजारातून किराणा भरायचा, दौलताबादचा घाट चढायचा, खुलताबादच्या दुकानांत उतरवायचा. जुनं इंजिन चढावर तापायचं, म्हणून एक नजर रस्त्यावर, एक हीटच्या काट्यावर. मग साखरेच्या आजारानं उजव्या पायाची जाणीव नेली. ब्रेक दाबला की नाही, तेच कळेना. मुलगा कंपनीत नोकरीला, म्हणून सून सत्यशीलानं लायसन काढलं. "सोबत चला," असं ती दोन महिने विनवत होती. त्याचं उत्तर ठरलेलं, "मी काय क्लिनर हाय व्हय?" वस्ताद ड्रायव्हरनं डाव्या सीटवर बसायचं म्हणजे मरणच. त्यापेक्षा ओट्यावर बसून दिवस ढकललेले बरे. पण दिवसही ढकलले जात नव्हते. फार कंटाळला होता तो.

आणि आता हे. गाडी जिच्या हातात, तिलाच हीटचा काटा दिसणार नाही. आपण माकडाच्या हाती कोलीत दिलं, असं त्याला वाटलं.

सत्यशीला पाण्याचा कॅन घेऊन आली. तिचे डोळे जागरणानं सुजले होते.

"इंजिन जाळायचं ठरवलंस काय?" त्यानं विचारलं.

तिनं कॅन खाली ठेवला. "परवा घाटात काट्याकडं बघितलं, अन् वळणावर समोरून एसटी आली. थोडक्यात वाचले. घरी कुणाला बोलले नाय." तिनं क्लिनरच्या सीटकडं हात केला. "माझ्याच्यानं दोन्ही व्हत नाय, मामंजी. रस्ता मी बघते. काटे बघायला तुम्ही येणार नसाल, तर गाडी विका."

मुंजाबाला लाज वाटली. सून मरता मरता वाचली होती, आणि तो ओट्यावर रुसून बसला होता.

"उद्यापासून डबा दोघांचा बांध," तो म्हणाला.