विहिरीचा खरा आकडा

खडीच्या खाणीचा परवाना शेजारच्या म्हातारीच्या विहिरीवर अडला होता. तिचं पाणी नासू नये म्हणून खोदाई विहिरीतल्या पाण्याच्या पातळीच्या तीन मीटर वर थांबवायची, असा नियम. मोजणीदाराने फीत सोडली. ती जातच राहिली. एवढं खोल खणायला मिळणार! खाणवाल्याच्या मनात उकळ्या फुटल्या. "मावशी, पाणी खोल गेलंय हो!" "जाईल नाहीतर काय! तुम्ही बघायला येणार, म्हणून विहीर कालच उपसून, घासून घेतली. चार दिवसांत भरेल." मोजणीदार पेन उघडून हळूच म्हणाला, "लिहू हाच आकडा?" तेवढ्यात म्हातारीने तांब्या पुढे केला. "उपसण्याआधी तुमच्यापुरतं काढून ठेवलंय. प्या." पाणी गोड होतं. खाणवाल्याने तांब्या रिकामा केला आणि मोजणीदाराच्या पेनाला टोपण लावलं. "आठवड्याने पुन्हा मोजू. मावशी, तोवर विहिरीला हात लावायचा नाही!" म्हातारी हिरमुसली. "कठडा तरी धुऊ?"