थोरल्या सुनेची पसंती
भोरच्या दुकानात ट्रॅक्टरमागं जोडायचे, गवत-झुडपं छाटायचे दोन कटर मांडले होते. धाकट्या सुनेनं, अश्विनीनं, माठ घेताना वाजवतात तसं दोन्हींच्या पत्र्यावर बोटांनी वाजवलं. “आबा, हिरवा घ्या. लाल पातळ वाजतोय, बांधावरच्या दगडांपुढं टिकायचा न्हाई.” सासरे हरखले. “धाकलीला लई कळतं की!” थोरल्या रत्नाच्या काळजात कुसळ रुतलं. सोळा वर्षं राबूनही तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. “पर मान थोरलीचा. रत्ना, तू सांगशील तो घेऊ,” सासरे म्हणाले. तिनंही वाजवून पाहिलं. अश्विनीचं खरं होतं. “लालच घ्या,” रत्ना म्हणाली. लाल कटर टेम्पोत चढला. अश्विनीनं हसतमुखानं हळदीकुंकू पुढं केलं. “पूजा तुमीच करा, ताई. तुमचा हात गुणाचा.” रत्नानं कुंकू लावलं, डोळे मिटले आणि जो टिकणार नव्हता, त्याच्यासाठीच देवाकडं उदंड आयुष्य मागितलं.