घर रिकामं

क्लॅरेन्स नदीकाठच्या त्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून डॅनिकाचा पहिलाच दिवस. सकाळी पोरांनी टचस्क्रीनच्या फळ्यावर आपापलं नाव बोटानं 'घर'च्या चित्रातून 'शाळे'च्या चित्रात सरकवलं. घर रिकामं झालं, म्हणजे सगळे हजर. डॅनिकानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला.

मधल्या सुट्टीआधीच टेकडीवरचं निलगिरीचं रान पेटलं आणि भोंगा वाजला. वर्ग मैदानात आणून डॅनिका फोटोतली नावं घेऊ लागली.

"टिली?"

पोरं नुसती बुटांकडे बघत राहिली.

"अरे, बोला की! कुठंय ती? बाथरूमला गेलीय का?"

वर्गाच्या खिडक्या एव्हाना धुरात दिसेनाशा झाल्या होत्या. डॅनिका तशीच आत धावणार, तोच छोट्या जॉर्जीनं तिचा स्कर्ट गच्च धरला.

"मिस, नका ना जाऊ! टिली आत नाहीये."

"मग तिचं नाव शाळेत कुणी आणलं?"

"मीच आणते रोज." जॉर्जीनं स्कर्ट सोडला नाही.

 

"मागच्या पुरात ती घरातच बुडाली, मिस. तिला परत तिथंच कशी ठेवू?"