कायमचं काम

यवतमाळात नर्स असलेल्या एस्तेरला दुबईची नोकरी लागली, तेव्हा तिचा नवरा याकोब हरखून गेला. पण निघायच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती वॉर्डातून आली ती अर्धी भरलेली बॅग बाजूला सारून बसली.

"काय झालं वं?"

"कपाशीवर फवारायचं औषध पिलेला एक माणूस आज शुद्धीवर आला. मले विचारे, 'सिस्टर, माह्यासारख्याले देव जवळ करते का?'"

"मंग?"

"म्हटलं, करते. तवा कुठं तो पोटभर रडला. असे रोज येऊन राह्यले. दुबईचं सुख चार दिवसाचं, जी. हे काम कायमचं हाये. मी नाही जात."

दुसऱ्या दिवशी याकोब तिला ड्युटीवर सोडायला गेला, तो परत फिरलाच नाही; आत जाऊन त्या माणसाच्या उशाशी बसला.