थोरल्यांची मांडणी

"माझं मत 'नाही' असं लिहा," थोरले म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

बैठकीच्या खोलीत सगळ्यांनी ऑफिसच्या प्रमुख मॅडमकडे पाहिलं. बाकी सगळ्यांचं हो म्हणून झालं होतं. पण बसगाड्यांची वेळापत्रकं लावणारा तो प्रोग्राम थोरल्यांनी उभा केलेला. त्यांच्या होकाराशिवाय मॅडम पुढे जाणार नव्हत्या.

भांडण मांडणीचं होतं. थोरल्यांच्या कोडमध्ये बरोबरीची चिन्हं एकाखाली एक, पट्टी लावल्यासारखी. टिपा उजवीकडे, एका रेषेत. मग ती नवी प्रोग्रामर आली. तिला धाकटी म्हणायचं असं ऑफिसनंच ठरवलं, थोरल्यांना कुणी विचारलंही नाही. ती आखूड ओळी लिहायची, मध्ये ऐसपैस जागा सोडायची. तिने फाईल उघडली की थोरल्यांची रांग मोडायची. थोरल्यांनी उघडली की तिची मोकळी जागा गडप व्हायची. जेवताना कुणी म्हणायचं, धाकटीचा कोड वाचायला काय सोपा जातो, की थोरले अर्धा डबा तसाच बंद करायचे. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या वाट्याला यायचं.

तोडगाही धाकटीनेच काढला, याचा तर जास्तच राग. नव्या पद्धतीत मांडणी साठवायचीच नाही. मशीन फक्त कोडचा अर्थ जपून ठेवणार, आणि ज्याला जशी आवडेल तशी मांडणी ज्याच्या-त्याच्या पडद्यावर दिसणार. काही दिवस सगळ्यांनी ती वापरून पाहिली होती, आणि ती कायमची घ्यायची का, हे आज ठरायचं होतं.

"म्हणजे हे माझ्या हातचं आहे, हे उद्या कुणाला कळणारच नाही," थोरले म्हणाले. मग आवाज जरा कापला असं वाटून त्यांनी घाईने जोडलं, की कोडचं नुकसान होतं ते वेगळंच. मॅडम म्हणाल्या, काय नुकसान होतं ते दाखवा तरी. थोरल्यांनी तावातावाने आपला लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला.

पडद्यावर आखूड ओळी उमटल्या. मध्ये ऐसपैस जागा.

कुणीतरी उगाच खोकलं. थोरल्यांचे कान तापले. लोकांना तिच्या कोडमध्ये एवढं काय दिसतं, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिची मांडणी लावून पाहिली होती. ती काढायचं मग राहूनच गेलं. डोळ्यांना बरं वाटत होतं, पण हे सांगणार कुणाला?

धाकटी हसली नाही. तिने आपला लॅपटॉप उचलला आणि थोरल्यांपुढे फिरवून ठेवला. बरोबरीची चिन्हं एकाखाली एक. टिपा उजवीकडे, एका रेषेत.

"तुमची फाईल उघडली की माझ्या पोटात दुखायचं, दादा," ती म्हणाली. "मला असं कधी जमलंच नाही. म्हणून मोडून टाकायचे."

मॅडमनी पेन उचललं. थोरल्यांनी खाली बघतच मान हलवली, हो लिहा म्हणून. खुर्च्या सरकल्या, माणसं चहाला उठली. थोरले मात्र तिच्या लॅपटॉपसमोरून हलेनात. मांडणी त्यांचीच होती. पण तिच्या पडद्यावर ती काकणभर जास्तच देखणी दिसत होती, आणि ते त्यांना मुळीच सहन होत नव्हतं.