गव्हर्नरचं अक्षर

पावणेचारशे वर्षांपूर्वी अमेरिकेत डेलावेअर नदीकाठी स्वीडनच्या राणीच्या वतीने एक गव्हर्नर राज्य करत होता. त्याने राणीला लिहिलेली पत्रं तिथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका लायब्ररीत होती, पण त्याचं किचकट अक्षर कुणालाच लागत नसे. नागपूरहून पीएचडीला आलेल्या वल्लरीला ते लागलं. दोन वर्षं चिकाटीने बसून तिने त्याचं एकेक वळण ओळखीचं करून घेतलं होतं, आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता.

त्या दुपारी पानांचे फोटो काढायला तिचा मित्र राजस आला.

"यार, हे खरंच वाचता येतं तुला?"

"कुठलंही पान दे," ती ताठ बसत म्हणाली.

त्याने शेवटचं पत्र पुढे सरकवलं. ते तर तिला पाठ होतं. ती धडाधड मराठीत सांगत गेली: धान्य संपलं, जहाज आलं नाही, आपला नम्र सेवक. सहीखाली मात्र आज दोन ओळी जास्त होत्या, त्याच हातच्या.

"का थांबलीस? अडलं?"

अडलं नव्हतं. शब्द न् शब्द लख्ख लागत होता.

'महाराणी, जिला माझं अक्षर लागतं अशी मुलगी अखेर मिळाली. आता तिला मी परत जाऊ देणार नाही.'

तिने ओळीवरचं बोट उचललं. बोटाला ओली शाई लागली होती.