बेवारस घड्याळ

“मंजिरी, या सर्किट बोर्डवर चारच घड्याळं आहेत ना? यादीत पाच आलीत,” शेजारच्या खुर्चीतून नोएल म्हणाला.

बोर्ड कर्नल नावाच्या मूळ सॉफ्टवेअरवर चालायचा; त्याच्याकडून घड्याळं मागून घेणारा बोर्डवरचा एकमेव प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मंजिरीने लिहिला होता. तिची चारही घड्याळं सेकंदाला लाखो ठोके द्यायची. हे पाचवं मिनिटाला बहात्तर देत होतं.

“असू दे. कुठल्याच ड्रायव्हरने मागितलं नाही, की कर्नल ते घड्याळ बेवारस समजून आपणहून बंद करतो. आत्ता करेल बघ.”

सुटलेली वायर लावायला ती टेबलाखाली वाकली. वर आली तेव्हा पडद्यावर नव्वद होते. तिने स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. पडद्यावरचा ठिपका नेमका तिच्या नाडीबरोबर लुकलुकत होता. ती बघत असतानाच आकडा शंभरावर गेला.

“बोर्ड बंद करू?” नोएलने बटणाकडे हात नेला.

“हात लावू नकोस.”

तिने घाईघाईने ड्रायव्हरमध्ये एक ओळ घातली, हे घड्याळ माझं आहे, आणि ड्रायव्हर पुन्हा चढवला.

कर्नलचं उत्तर लगेच आलं. देता येत नाही. हे घड्याळ आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहे.